फॉक्सप्रोमधला स्टॉक पोस्टग्रेसमध्ये नेताना: कामाच्या नोंदी

८ जानेवारी

सुट्या भागांच्या घाऊक व्यापाराची सिस्टीम. स्टॉक, बिलं, खतावणी, सगळं फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या डॉस आवृत्तीत, १९९६ पासून चालू. लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेलाय. हाती आहेत ३८ डीबीएफ (डेटाच्या फायली), ६१ पीआरजी (प्रोग्रॅमचा लिहिलेला कोड) आणि एक ईएक्सई (चालणारा तयार प्रोग्रॅम). ती ईएक्सई याच पीआरजींपासून बनली का, हे छातीठोकपणे सांगणारं कोणी उरलेलं नाही.

हे सगळं एका जुन्या ३२-बिट मशीनवर चालतं, कारण ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही. गेल्या महिन्यात ते मशीन दोनदा सुरूच होईना, तेव्हा कुठे मालकांनी हे काम मनावर घेतलं.

ठरलं ते असं: डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, स्क्रीन ब्राउझरमध्ये. माझा अंदाज सहा आठवडे. तो किती खरा ठरला ते खालच्या तारखांवरून कळेलच.

डॉसबॉक्समध्ये (आजच्या मशीनवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) जुनी ईएक्सई चालवून बघितली, चालली. त्यावर धंदा चालवायचा नाही, पण जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघायला हे फार कामाला येणार.

९ जानेवारी

पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो. सगळ्या डीबीएफ कॉपी करून आणल्या आणि तेवढ्याच आणल्या. तीन फायली उघडेनात. त्यांच्यात मेमो फील्ड (लांब मजकुराचे रकाने) आहेत आणि मेमोचा मजकूर शेजारच्या एफपीटी फायलीत असतो, ती मी आणलीच नव्हती. डीबीएफचा पहिला बाइट बघितला असता तर तिथेच कळलं असतं: हेक्समध्ये ०३ असेल तर साधी फाइल, एफ५ असेल तर सोबत एफपीटी हवीच.

दुसरी चूक जास्त वाईट. कॉपी करत होतो तेव्हा काउंटरवर बिलिंग चालू होतं. बिलांच्या फाइलच्या हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) लिहिलेल्या रेकॉर्डसंख्येपेक्षा आत प्रत्यक्षात दोन रेकॉर्ड जास्त. आता प्रत्येक कॉपीनंतर एक छोटी तपासणी लावलीय. हेडरमध्ये शून्यापासून मोजलं तर ४ ते ७ बाइटमध्ये रेकॉर्डसंख्या, ८-९ मध्ये हेडरची लांबी, १०-११ मध्ये एका रेकॉर्डची लांबी. संख्या गुणिले लांबी, अधिक हेडर, अधिक शेवटचा एक बाइट (१ए, काही फायलींत तो नसतो) बरोबर फाइलचा आकार. नाही जुळलं तर ती कॉपी टाकून द्यायची, दुरुस्त करत बसायचं नाही.

दिवस फुकट गेला, पण ही तपासणी पुढे पाच वेळा उपयोगी पडली.

१५ जानेवारी

१२ ते १४ हे तीन दिवस वाया घालवले ते घाईमुळे. पायथन भाषेतून डीबीएफ वाचून थेट योग्य प्रकाराच्या कॉलमांत भरायला गेलो. तारीख म्हणजे तारीख, आकडा म्हणजे आकडा. दर दहा मिनिटांनी लोडर (हे भरणारा माझा प्रोग्रॅम) कुठेतरी अडकायचा. एके ठिकाणी रिकामी तारीख, म्हणजे आठ मोकळ्या जागा. दुसरीकडे आकड्याच्या जागी पाच फुल्या.

शेवटी पद्धतच बदलली. सगळं आधी जसंच्या तसं मजकूर म्हणून कच्च्या टेबलांत भरायचं आणि तिथून एसक्यूएलने (डेटाबेसच्या भाषेत) साफ करत पक्क्या टेबलांत न्यायचं. कच्चं टेबल शेवटपर्यंत ठेवायचं. कोणी विचारलं 'हा आकडा आला कुठून?' तर मूळ अक्षरं समोर दाखवता येतात. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

फुल्यांची गोष्ट अशी. फील्डच्या रुंदीत आकडा मावला नाही तर फॉक्सप्रो आधी दशांश कापून बघतो. तरीही नाही मावला तर आकडा घातांकी रूपात लिहितो. तेही नाही जमलं तर फुल्या भरतो. नगांचं फील्ड पाच अंकी. कधीतरी कोणीतरी एक लाखाच्या वर वॉशर एका नोंदीत घेतले आणि आकडा गेला. असे ७ रेकॉर्ड. सहांचे आकडे आवक-जावक नोंदींवरून परत काढले. सातव्यासाठी गोदामातल्या काकांबरोबर जाऊन पेटी मोजली. पाऊण तास.

फुल्या निदान डोळ्यांना दिसतात. दशांश कापले जातात ते कोणालाच कळत नाही. खतावणीची रक्कम एकूण आठ रुंदीची, दोन दशांशांची. त्यात १२३४५६.७८ भरायला गेलं तर आत १२३४५६.८ जातं. असे ३१ रेकॉर्ड सापडले. शोधायला सोपे होते, कारण कच्च्या टेबलात मूळ अक्षरं होती आणि टिंबानंतर एकच अंक असलेल्या ओळी पटकन चाळता आल्या.

२३ जानेवारी

पहिला ताळा. जुना स्टॉक-मूल्यांकन रिपोर्ट डॉसबॉक्समध्ये काढला, नवा एसक्यूएलने. जुन्यात ९,२६० वस्तू, नव्यात ८,८७३. म्हणजे ३८७ वस्तू गायब!

गोम निघाली डिलीटच्या खुणेत. डीबीएफमध्ये रेकॉर्ड डिलीट केलं की ते जात नाही, रेकॉर्डच्या पहिल्या बाइटमध्ये एक फुली पडते, एवढंच. खरोखर काढायला पॅक ही आज्ञा चालवावी लागते आणि इथे ती कधी चालवलेलीच नव्हती. मी वापरलेली डीबीएफरीड लायब्ररी खुणा केलेले रेकॉर्ड वेगळे काढून ठेवते, ते मी वाचलेच नव्हते.

पण मग ते जुन्या रिपोर्टमध्ये का येतात? बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये वर 'सेट डिलीटेड ऑन' (खूण केलेले रेकॉर्ड वगळ) आहे. मूल्यांकनाच्या प्रोग्रॅममध्ये ही ओळच नाही, आणि फॉक्सप्रोत मुळात ती सोय बंद असते. म्हणजे खूण केलेली वस्तू बिलावर येत नाही, पण स्टॉकच्या किमतीत मोजली जाते. मी याला सरळ बग ठरवून मोकळा होणार होतो.

बरं झालं काकांना विचारलं. ते म्हणाले, "ती खूण मीच करतो. माल खराब आला की परत जाईपर्यंत विकायचा नाही, पण आहे तर आपल्याच गोदामात ना." ब्राउज उघडायचं, वस्तूवर जायचं, कंट्रोल-टी दाबायचं. माल परत गेला की पुन्हा कंट्रोल-टी. सिस्टीममध्ये 'रोखून ठेवलेला माल' नावाची सोय नव्हती, ती त्यांनी डिलीटच्या खुणेतून तयार केली होती. कुठे लिहून ठेवलेली नाही, आणि २० वर्षांत कोणी विचारलीही नाही.

मात्र ३८७ पैकी किती खरंच रोखलेल्या आणि किती खरंच रद्द केलेल्या? कोडवरून सांगता येत नाही. यादी छापली, काकांनी पेन्सिलने खुणा केल्या. ५२ रोखलेल्या, बाकीच्या मेलेल्या. नव्या टेबलात 'स्थिती' नावाचा कॉलम आला.

३० जानेवारी

ओळी जुळल्या. आता ५४ वस्तूंचं मूल्य शेवटच्या अंकात चुकतंय. एका वस्तूवर कोणी भांडणार नाही, पण एकूण बेरीज जुळली नाही तर हिशेबाच्या बाई सहीच करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

दर तीन दशांशांपर्यंत आहेत. ०.१२५ ला दोन दशांशांवर आणलं तर फॉक्सप्रो ०.१३ करतो, पायथनचा राउंड ०.१२ करतो. तो बरोबर मध्यावर आला की सम अंकाकडे झुकतो. खरं तर पोस्टग्रेसने मला आधीच हटकलं होतं. मी कॉलम डबल प्रिसिजन (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवला होता आणि दोन दशांशांचा राउंड लावायला गेलो तर 'असं फंक्शनच नाही' म्हणून त्याने परत पाठवलं. मी विचार न करता हिशेब पायथनमध्ये हलवला.

दुरुस्ती: सगळे रकमेचे आणि दराचे कॉलम न्यूमेरिक (दशांश नेमके साठवणारा प्रकार), राउंड पोस्टग्रेसमध्ये. न्यूमेरिकवर पोस्टग्रेसही मध्यावरचा आकडा शून्यापासून लांब नेतो, फॉक्सप्रोसारखाच. ५४ वरून फरक आला ६ वर. उरलेल्या सहांत जुना प्रोग्रॅम बॅचप्रमाणे आधी राउंड करून मग बेरीज करत होता, मी उलटं. तेही जुन्यासारखं केलं. फरक शून्य.

जुन्याचा क्रम शहाणपणाचा आहे का? नाही. पण आत्ता ताळा हवाय. शहाणपण नंतर.

४ फेब्रुवारी

तारखा. डीबीएफमध्ये तारीख आठ अंकी असते, वर्ष पूर्ण चार अंकी. घोळ आत नाही, टाइप करण्यात आहे. दोन अंकी वर्ष टाकलं की ही सिस्टीम ते १९०० च्या शतकात घालायची. त्यामुळे २००० ते २००३ ची बिलं १९०० ते १९०३ या वर्षांत जाऊन बसलीत. मग कोणीतरी रिपोर्टमध्ये ठिगळ लावलं: वर्ष १९५० च्या आतलं असेल तर गोमंथने (तारीख महिन्यांनी सरकवणारं फंक्शन) १२०० महिने पुढे. डेटा तसाच राहिला. मीही तोच नियम लोड करताना लावला.

एक गंमत. २९ फेब्रुवारी २००० चं एकही बिल नाही, आणि १ मार्चला नेहमीच्या दुपटीहून जास्त. २००० हे लीप वर्ष, १९०० नाही. सिस्टीमच्या हिशेबी ती तारीखच अस्तित्वात नव्हती, तिने ती घेतलीच नसणार. काउंटरवरच्या माणसाने वैतागून दुसऱ्या दिवशीची तारीख टाकली असेल. तसंच ठेवलंय. तेवढ्या जुन्या बिलाची तारीख सुधारण्यात कोणाचंच भलं नाही.

१२ फेब्रुवारी

गटवार रिपोर्ट. एकूण बेरीज जुळते, गट ७ जुळत नाही. जुन्यात जास्त, आणि थोडंथोडकं नाही.

कारण शोधायला दीड दिवस गेला. कारण आहे फॉक्सप्रोचं बरोबरचं चिन्ह. 'सेट एक्झॅक्ट ऑफ' असताना मजकुराची तुलना उजव्या बाजूची अक्षरं संपली की थांबते. त्यामुळे '७१' बरोबर '७' हे खरं ठरतं. '७' बरोबर '७१' मात्र खोटं! आणि उजवी बाजू रिकामी असेल तर काहीही खरं. म्हणूनच गटाची जागा कोरी सोडून एंटर मारला की सगळे गट येतात. लिहिणाऱ्याने ही युक्ती मुद्दाम वापरलेली दिसते, कोऱ्या गटासाठी वेगळा कोडच नाही.

१९९६ मध्ये गट होते १ ते ९, तेव्हा सगळं ठीक. पुढे दोन अंकी गट आले. ७ म्हणजे बेअरिंग, ७१ ते ७४ म्हणजे पट्टे. तेव्हापासून बेअरिंगच्या रिपोर्टमध्ये पट्टेही मोजले जातायत.

मालकांना विचारलं, जुन्यासारखं ठेवू की बरोबर करू? "बरोबर तेच दाखवा." केलं. कोरा गट म्हणजे सगळे, एवढं मुद्दाम लिहून ठेवलं. ताळ्याच्या स्क्रिप्टमध्ये गट ७ साठी अपवाद टाकला आणि पुढे गेलो.

२० फेब्रुवारी

प्रिंटिंग. थोडक्यात: जुना प्रोग्रॅम डॉट मॅट्रिक्सला थेट कोड पाठवतो. २७-६४ ने रीसेट, १५ ने बारीक अक्षर, १८ ने परत नेहमीचं. पीडीएफ काढून विंडोजच्या ड्रायव्हरमधून पाठवलं तर छापील नमुन्यावर ओळी सरकतात आणि एक बिल छापायला तिप्पट वेळ. ड्रायव्हर सोडून दिला, तेच बाइट कच्चे पाठवले. पहिल्या कागदाला बसलं. कार्बनच्या प्रतींसाठी डॉट मॅट्रिक्स लागणारच, मग उगाच झगडा कशाला.

३ मार्च

नवी बिलिंग स्क्रीन काउंटरवर दाखवली. माझ्या मते छान झाली होती. काउंटरवरच्या ताईंनी दोन बिलं केली आणि म्हणाल्या, "दिसायला बरंय. पण याच्यावर गर्दीत काम नाही होणार."

त्यांच्यामागे अर्धा दिवस उभा राहिलो. त्या स्क्रीनकडे बघतच नाहीत. नजर गिऱ्हाइकाच्या यादीवर, बोटं आकड्यांच्या कळांवर. कोड, एंटर, नग, एंटर, एंटर, पुढचा कोड. स्क्रीन मागे पडली तरी दाबलेल्या कळा बफरमध्ये थांबतात आणि ओळीने आत जातात. माझ्या स्क्रीनवर कोड टाकला की नावांची यादी उघडायची, सर्व्हरकडून उत्तर यायला पाव सेकंद लागायचं, आणि त्या पाव सेकंदात दाबलेले अंक भलत्याच रकान्यात पडायचे. एका बिलावर नगांच्या जागी वस्तूचा कोड पडला. माल निघायच्या आत दिसलं म्हणून निभावलं.

पुढचे पाच दिवस यातच. सुचवणारी यादी काढून टाकली, हवी असेल तर फंक्शन कळ दाबून उघडते. सगळी वस्तूसूची सकाळीच ब्राउझरमध्ये उतरवून ठेवतो, म्हणजे कोड तपासायला सर्व्हरकडे जावं लागत नाही. एंटरने पुढचा रकाना, जुन्या स्क्रीनचाच क्रम, अगदी तो निरर्थक दुसरा एंटरसुद्धा. तो काढला तर त्यांची बोटं चुकतात. बिल जतन होताना कळा अडवत नाही, रांगेत ठेवतो. माउसला काउंटरवर जागाच नाही, हे मला आधी दिसायला हवं होतं.

११ मार्चला पुन्हा दाखवली. २० ओळींचं बिल, जुन्यावर आणि नव्यावर वेळ जवळपास सारखा. ताई म्हणाल्या, "चालेल." एवढंच म्हणाल्या, पण मला तेवढं पुरेसं होतं.

१७ मार्च

समांतर चालवायला सुरुवात केली: प्रत्येक बिल दोन्हीकडे भरायचं. चार दिवसांत बंद केलं. दुपारच्या गर्दीत नव्यावर भरायचं राहून जायचं, संध्याकाळी आठवेल तसं भरलं जायचं, आणि रात्री ताळ्यात येणारे फरक सिस्टीमचे की माणसांच्या थकव्याचे तेच कळायचं नाही. दोनदा भरायला लावणं म्हणजे माणसांवर काम ढकलून आपण तपासणी केली असं म्हणणं.

नवी रीत: सगळं काम जुन्यावरच. रात्री फायली कॉपी, कच्च्या टेबलांत, तिथून पक्क्यात. मग जुने सहा रिपोर्ट आणि नवे सहा रिपोर्ट स्क्रिप्ट ताडून बघते. सकाळी मला एक पान मिळतं.

पाच रात्री कॉपी नापास झाली, कारण कोणीतरी प्रोग्रॅम उघडा ठेवून घरी गेलं होतं. ९ जानेवारीची ती आकाराची तपासणी नसती तर अर्धवट डेटा निमूट आत गेला असता.

१४ एप्रिल

सलग १५ कामाचे दिवस फरक शून्य (गट ७ सोडून, तो अपवाद माहितीचा). शनिवारी रात्री शेवटचा लोड, रविवारी दिवसभर तपासणी, सोमवारी सकाळी नवी सिस्टीम.

जुना फोल्डर फक्त-वाचनीय केला. आधी नुसता आयकॉन काढला होता, तर एकाने डॉस विंडो उघडून नेहमीच्या आज्ञेने प्रोग्रॅम चालू केला आणि दोन बिलं जुन्यात पडली. त्याचं काही चुकलं नाही, हाताला सवय ती. दोन्ही बिलं हाताने नव्यात घेतली.

आतापर्यंतचे तास: ३४०. यातले सुमारे ६० डेटा साफ करण्यात, ४५ काउंटरच्या स्क्रीनमध्ये, आणि कमीत कमी ७० माझ्या स्वतःच्या चुका निस्तरण्यात. सहा आठवड्यांचे झाले चौदा.

२ मे

पहिला महिनाअखेर. हिशेबाच्या बाईंचा फोन, गट ७ कमी दिसतोय. मालकांना दिलेला आकडा आणि खतावणी जुळत नाही.

लोडर तपासला, रोखलेल्या मालाची यादी तपासली, राउंडिंग पुन्हा पाहिलं. चार तास. नव्या रिपोर्टमध्ये काहीच चूक नाही. शेवटी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो आणि म्हटलं, आकडा कसा काढता ते दाखवा.

त्यांनी रिपोर्ट घेतला, गट ७ ची बेरीज लिहिली, मग ७१, ७२, ७३, ७४ च्या बेरजा काढून कॅल्क्युलेटरवर त्यातून वजा केल्या.

"हे का वजा केलंत?"

"अहो, बेअरिंगमध्ये पट्टे येतात ना. दर महिन्याला वजा करावे लागतात. माझ्या आधी इथे होत्या, त्यांनीच शिकवलं होतं."

१२ फेब्रुवारीला मी मालकांना विचारलं होतं. यांना नाही.

एक वही आहे त्यांच्याकडे, पिवळी पडलेली. कोणत्या रिपोर्टमधून काय वजा करायचं, कशात काय मिळवायचं, सगळं त्यात लिहिलेलं. गट ७ ची ओळ त्यांनी माझ्यासमोर खोडली. खाली अशा आणखी १३ ओळी आहेत. त्यातल्या चारांचा अर्थ त्यांनाही सांगता येत नाही, पण केलं नाही तर वर्षअखेरीला अडतं, म्हणाल्या.

पानांचे फोटो काढून आणलेत. उद्या सकाळी अकराला त्यांच्याबरोबर बसायचं ठरलंय, जुन्या फोल्डरमधले पीआरजी उघडून एकेक ओळ.